नवव्या रकान्यातलं शोषण

राधाकिशन गुरुजींनी बत्तीस वर्षांच्या नोकरीत खाडाखोडीला अर्धा गुण कापला. उत्तर बरोबर असो की चूक, खोडलं की अर्धा गेला. त्यांचं म्हणणं असं, की माणसानं आधी विचार करावा, मग लिहावं, आणि एकदा लिहिलं की त्याच्याशी नीट संसार करावा. नेकनूरच्या पुढं डोंगराच्या कडेला असलेल्या खडकवाडीत या अर्ध्या गुणापायी नापास झालेली निदान सहा माणसं आज नातवंडं खेळवताहेत, आणि गुरुजी समोरून येताना दिसले की अजूनही बोळात शिरतात. अशा माणसाच्या हातून एका सरकारी अर्जाच्या नवव्या रकान्यात, स्वच्छ वळणदार अक्षरात, एक धडधडीत खोटी गोष्ट लिहिली गेली. महिनाभर ती त्यांना टोचत राहिली. पण खोडायचा हातच नव्हता, त्याला ते तरी काय करणार?

अर्ज होता खडकवाडीच्या वनौषधी उत्पादक सहकारी संस्थेचा. गुरुजी तिचे मानद सचिव. मानद म्हणजे काम सगळं आणि खुर्ची घरून आणायची. पावसानं सलग तिसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. टँकर दिवसाआड यायचा, तोही आला तर. कापूस गुडघ्याएवढा होऊन वाळला, तूर फुलावर येण्याआधीच गेली. अशा वेळी माळावरच्या मुरमाड रानात गुरुजींच्या सांगण्यावरून लावलेली सोनामुखी मात्र हिरवीगार उभी होती. तिला पाणी फारसं लागत नाही. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. आणि चोरी व्हायचा प्रश्नच नव्हता, कारण जुलाबाचा पाला चोरून नेणारा माणूस अजून बीड जिल्ह्यात जन्माला यायचा होता.

पुण्याच्या एका औषध कंपनीनं पाला घ्यायचं कबूल केलं होतं, पण जिल्ह्याच्या कार्यालयाचं शिफारसपत्र पाहिजे म्हणून सांगितलं होतं. त्या पत्रावर अकरा कोयते थांबले होते. कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवराबायकोची जोडी. आमच्याकडे माणसं अशीच मोजतात. या अकरा घरांची पुढारीण मुक्ताबाई. चौदा वर्षं ती दसरा झाला की नवऱ्याबरोबर ट्रकात चढायची आणि उन्हाळ्यात काळी ठिक्कर होऊन परत यायची. यंदा गुरुजींच्या शब्दावर तिनं सोनामुखी लावली, आणि ऊसतोडीच्या धुळाजी मुकादमाची आगाऊ उचल घेतली नाही. धुळाजी नुसता हसला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक निघंल, म्हणाला, तोवर तुमचा कागद आला तर ऱ्हावा, न्हाई आला तर या, जागा ठिवतो.

गुरुजी मुक्ताबाईला म्हणाले होते, "कागद येणार. मी लिहितोय ना अर्ज."

अर्जाला चौदा रकाने होते. आठ रकाने गुरुजींनी एका बैठकीत भरले. नववा होता, 'मुख्य औषधी घटक व त्याचे शरीरातील शोषण (टक्केवारीत)'. गुरुजींना आनंदाचं भरतं आलं. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं त्यांना एक योग्य प्रश्न विचारला होता. त्यांनी लिहायच्या आधी चेरमन विठ्ठलरावांना बोलावून तो समजावून सांगायला घेतला, आणि तिथंच घात झाला.

विठ्ठलराव म्हणजे साठ एकरांचे धनी आणि पंचक्रोशीतलं पुढारपण. आजवर त्यांनी तीन सहकारी संस्था काढल्या होत्या, एक दुधाची, एक पतपेढी आणि एक कोंबड्यांची. संस्था गेल्या, पाट्या राहिल्या. कोंबड्यांच्या संस्थेच्या पाटीच्या मागच्या बाजूवरच आमच्या वनौषधी संस्थेचं नाव रंगवलं होतं. वारं सुटलं की पाटी फिरायची आणि गावात नवखा आलेला माणूस अंडी मागायचा.

गुरुजी सांगत होते, की आपण जे खातो त्यातलं बरंचसं लहान आतडं आत ओढून घेतं आणि रक्तात सोडतं, यालाच शोषण म्हणायचं. रक्तातून ते यकृताकडे जातं. यकृत म्हणजे जकात नाका. नवा माल दिसला की तिथं अडवतात, उघडून बघतात, रूप पालटतात आणि बाहेरचा रस्ता दाखवतात. हळदीतला घटक आधीच जेमतेम आत शिरतो, आणि शिरला तर नाक्यावर त्याची वासलात लागते. आपल्या आज्या हळदीच्या दुधात मिरी टाकायच्या ते उगीच नाही. मिरी नाकेदाराला गुंतवून ठेवते, तोवर हळद पार होते. पण सोनामुखीची तऱ्हाच न्यारी. तिच्या घटकाच्या अंगाला साखर चिकटलेली असते. त्यामुळे लहान आतडं त्याला आत घेतच नाही. बीडचं तिकीट काढलेला माणूस जसा मधल्या फाट्यावर उतरत नाही तसा तो थेट मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जंतू ती साखर काढून घेतात, त्याचं रूप पालटतात, आणि मग तो कामाला लागतो. म्हणून संध्याकाळी घेतलेल्याचा गुण सकाळी.

"तर लिहायचं काय?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"शोषण जवळजवळ शून्य," गुरुजी अभिमानानं म्हणाले.

विठ्ठलरावांनी कपाळाला हात लावला. सरकारी कागदाचा त्यांचा अनुभव तीन बुडालेल्या संस्थांएवढा दांडगा होता. त्यांचं तत्त्व असं, की साहेब लोक कागद वाचत नाहीत, आकडे बघतात. पिकाच्या पंचनाम्यात शून्य लिहिलं तर मदत मिळते, पण औषधाच्या कागदावर शून्य दिसलं की फाईल बंद. गुरुजींनी वाद घातला. आतून गुरुजींच्या पत्नी वत्सलाबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांनीही विठ्ठलरावांचीच बाजू घेतली. म्हणाल्या, "अवो, जे अंगी लागत न्हाई ते औषद कशाचं? कावून हट्ट करायलेत?" गेली चाळीस वर्षं गुरुजींच्या अंगी काही लागत नाही ही त्यांची जुनी तक्रार होती, ती या निमित्तानं निघाली. विठ्ठलराव शेवटी एवढंच म्हणाले, की शून्यावर मी सही करणार न्हाई. आणि चेरमनच्या सहीशिवाय अर्ज जात नव्हता, आणि मुदत उद्याची होती, आणि मुक्ताबाई बाहेर ओट्यावर बसून होती.

गुरुजींनी लिहिलं, 'शंभर टक्के'. एकदा घसरलेला माणूस मग सावकाश कशाला उतरेल? खाली 'शेरा' म्हणून दोन ओळी मोकळ्या होत्या. मोकळी जागा सोडायची नाही हीही त्यांची शिकवण. तिथं त्यांनी शुद्ध मराठीत लिहून टाकलं: 'सदर संस्थेत शोषण शंभर टक्के होते, असा सर्व सभासदांचा अनुभव आहे.'

महिना गेला. दसऱ्याच्या आठ दिवस आधी जिल्ह्याहून पत्र आलं. पत्र होतं भलत्याच कक्षाचं, पण ते कुणी बघितलं नाही. मजकूर असा: 'आपल्या संस्थेतील शोषणाबाबत सविस्तर चौकशी करण्यासाठी अधिकारी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता येतील. सर्व पीडित सभासदांना उपस्थित ठेवावे. अध्यक्ष व सचिव यांनी गाव सोडून जाऊ नये.'

गुरुजींचे डोळे भरून आले. शोषणाची सविस्तर चौकशी. सरकारी कार्यालयात एवढी वैज्ञानिक दृष्टी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. गाव सोडू नये हे जरा कडक वाटलं, पण प्रयोगाला शिस्त लागतेच. 'पीडित सभासद' या शब्दावर मात्र ते घटकाभर अडले आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बद्धकोष्ठानं पीडित. दुसरं काय असणार? त्यांनी त्याच दिवशी गावात फिरून यादी केली. लोक आधी लाजले, पण शिफारसपत्राचा प्रश्न आहे म्हटल्यावर सात जण तयार झाले. सगळ्यांत जुने पीडित म्हणजे आसाराम आबा, वय सत्तर. त्यांना गुरुजींनी पुढच्या बाकावर बसायला सांगितलं.

मनात मात्र धाकधूक होतीच. अधिकाऱ्यानं शंभर टक्क्यांचा पुरावा मागितला तर? विठ्ठलराव म्हणाले, मी हाय की पुरावा. दसऱ्याच्या दिवशी, सोनं वाटून झाल्यावर आणि पुरणपोळी चेपून झाल्यावर, संध्याकाळी आठ वाजता त्यांनी गुरुजींसमोर सोनामुखीचं एक चमचा चूर्ण गरम पाण्याबरोबर घेतलं. अर्धा तास झाला, काही नाही. तुमचा पाला नकली हाय, म्हणाले, आणि दुसरा चमचा घेतला. गुरुजींनी हात धरला, मोठ्या आतड्यापर्यंतची वाट लांब आहे म्हणून सांगितलं, दहाएक तास लागतात म्हणून विनवलं. पण चेरमनला थांबायची सवय नव्हती. नऊ वाजता त्यांनी तिसरा घेतला, पोटावर हात मारून "काईच न्हाई" असं म्हणाले आणि झोपायला गेले.

सकाळी सहाला त्यांना जाग आली ती स्वतःहून नव्हे.

दहा वाजता धुळाजीचा ट्रक मारुतीच्या पारापाशी येऊन उभा राहिला. आजूबाजूच्या वस्तीवरची माणसं चढू लागली. भांडी, चुली, कोंबड्या, गोधड्यांची गाठोडी. गुरुजी संस्थेच्या पाटीखाली टेबल मांडत होते, तिथून त्यांनी पाहिलं, मुक्ताबाईचा नवरा शहादेव एक गाठोडं आणि दोन कोयते ट्रकात ठेवत होता.  मुक्ताबाई जवळ आली आणि खाली बघत म्हणाली, "गुरुजी, राग धरू नका. कागद आला तर उतरवून घिऊ. न्हाई आला तर धुळाजी येक वाजता निघायलाय, मंग धावपळ नगं." पाठोपाठ दहा घरांची दहा गाठोडी ट्रकात चढली.

गुरुजींना राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

अधिकारी मॅडम साडेअकराला आल्या. वाटेत टँकर आडवा होऊन पडल्यामुळे उशीर झाला होता. पन्नाशीच्या, बारीक चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या बाई. चहा नको म्हणाल्या, नारळ नको म्हणाल्या, विठ्ठलरावांनी शाल पुढं केली तेव्हा तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की विठ्ठलरावांनी ती स्वतःच्याच खांद्यावर घेतली. मॅडमनी वही उघडली. "पीडित कोण कोण आहेत?" त्यांनी विचारलं. सात हात वर झाले. मॅडमचा चेहरा आणखी कडक झाला.

त्यांनी आसाराम आबांपासून सुरुवात केली. आवाज एकदम मऊ केला.

"आजोबा, घाबरू नका. हा त्रास किती दिवसांपासून आहे?"

"तीस-बत्तीस साल झाले, बाईसाहेब."

"इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही?"

"सांगावं कसं? लाजंची गोष्ट."

मॅडमचं पेन भराभर चालू लागलं. घरच्यांना माहीत होतं का? होतं, पण सहन करा म्हणायचे. दबाव यायचा का? आबा म्हणाले, दाब तर लई यायचा, पण सुटका न्हाई. संस्था निघाल्यापासून काय फरक पडला? आबांनी गुरुजींकडे कौतुकानं पाहिलं आणि सांगितलं, की संस्था निघाल्यापासून सकाळ झाली की रानात पळावं लागतंय. मॅडमनी विचारलं, रानात कोण पळवतं? आबा म्हणाले, "पळवतेत आपले गुरुजीच. पर चेरमन तर जबरदस्तीच करतेत. घ्याच म्हणतेत."

गुरुजी मागे उभं राहून मान डोलवत होते. आबा थोडे पाल्हाळ लावताहेत, पण अनुभव अस्सल आहे, असं त्यांना वाटत होतं.

मॅडम विठ्ठलरावांकडे वळल्या. "अध्यक्ष, यावर तुमचं काय म्हणणं आहे?" विठ्ठलराव उठले, तोंड उघडलं, आणि त्यांचा चेहरा एकाएकी पांढरा पडला. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला, आणि शालीसकट पाराच्या मागं धूम ठोकली. मॅडमनी घड्याळात पाहून वहीत लिहिलं. दहा मिनिटांनी चेरमन परत आले, खुर्चीच्या कडेवर बसले. मॅडमनी पुन्हा विचारलं, "सभासदांवर जबरदस्ती करता हे खरं आहे?" आणि चेरमन पुन्हा उठले. असं तीनदा झालं. गावात पाणी नव्हतं आणि टँकर वाटेत आडवा, त्यामुळे तिसऱ्या वेळेला त्यांनी पाहुण्यांसाठी आणलेली पाण्याची बाटली पळवली. मॅडमनी लिहिलेलं वाक्य गुरुजींना उलटं का होईना वाचता आलं: 'अध्यक्ष प्रत्येक प्रश्नाला पळून जातात.'

तिथं पहिल्यांदा गुरुजींच्या मनात पाल चुकचुकली.

साडेबारा वाजून गेले होते. धुळाजीनं एकदा हॉर्न वाजवला. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि गुरुजींना समोर उभं केलं. पूर्वी मुलं त्यांच्यासमोर उभी राहायची तसे ते हात बांधून उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, की माझ्या नोकरीत शोषणाच्या तक्रारी पुष्कळ आल्या, पण करणाऱ्यानं स्वतःच्या अक्षरात कबुली दिल्याचं हे पहिलंच प्रकरण आहे. तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो हे तुम्हाला कळतं का? मग त्यांनी अर्ज काढला आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं.

"सदर संस्थेत शोषण शंभर टक्के होते, असा सर्व सभासदांचा अनुभव आहे."

लिहिलेलं वाक्य एकदा मोठ्यानं वाचून पाहावं, चूक कानाला कळते, असं गुरुजींनी बत्तीस वर्षं सांगितलं होतं. हे एक वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं नव्हतं. आता ते दुसऱ्याच्या तोंडून, भर पारावर, सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या देखत त्यांच्या कानावर पडलं, आणि महिनाभराचा सगळा घोटाळा त्यांना एका क्षणात लख्ख दिसला. पीडित. चौकशी. गाव सोडू नये. 

"मॅडम," ते म्हणाले, "हे ते शोषण नाही. हे आतड्यातलं आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लहान आतडं, मोठं आतडं, साखर, जंतू, बीडचं तिकीट. सांगताना क्रम चुकला नाही. मॅडम ऐकत राहिल्या. मध्ये एकदा त्यांनी तोंडाला पदर लावला, पण तो धुळीमुळेही असू शकेल. ऐकून झाल्यावर त्यांनी वहीतली चार पानं शांतपणे आडवी रेघ मारून रद्द केली. गुरुजींनी श्वास सोडला. पण मॅडमचं संपलं नव्हतं. त्यांनी अर्जावर बोट ठेवलं.

"म्हणजे तुमच्या भाषेत, हा घटक शंभर टक्के शोषला जातो. हे तरी खरं ना?"

 पाराच्या मागून विठ्ठलरावांचं मुंडासं वर आलं आणि जोरजोरात हो म्हणू लागलं. प्रश्न एका शब्दाचा होता. हो म्हटलं की कागद पुढं जात होता, अकरा गाठोडी खाली येत होती. नाही म्हटलं तर? अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं, खोटी माहिती आढळल्यास अर्ज रद्द समजण्यात येईल. गुरुजींनी ट्रककडे पाहिलं. मुक्ताबाई ट्रकाच्या फाळक्याला धरून उभी होती आणि त्यांच्याकडेच बघत होती. खरं सांगायचं तर खोटं बोलायची एवढी इच्छा गुरुजींना जन्मात झाली नव्हती.

पण उद्या कंपनीच्या प्रयोगशाळेत हाच पाला तपासला जाणार होता. तिथला माणूस हा आकडा वाचणार, हसणार आणि पाला परत पाठवणार. तेव्हा ट्रक गेलेला असेल, आणि मुक्ताबाईच्या हातात ना कोयता ना कागद.

"नाही," गुरुजी म्हणाले. "अजिबात शोषला जात नाही. मी खोटं लिहिलं. माहीत असून लिहिलं."

"दबावाखाली लिहिलंत?"

गुरुजींनी पाराच्या मागं पाहिलं. मुंडासं खाली गेलं होतं. "अक्षर माझंच आहे," ते म्हणाले.

धुळाजीनं दुसरा हॉर्न दिला. मॅडमनी विचारलं, शोषलं जात नाही याला पुरावा काय? गुरुजींना पुरावा शोधावा लागला नाही, तो त्याच वेळी पाराच्या मागून चौथ्यांदा पळत होता. गुरुजी म्हणाले, "अध्यक्षांनी काल संध्याकाळी आठला घेतलं. नऊ वाजेपर्यंत तीन चमचे झाले, आणि झोपेपर्यंत काही नाही. वरच शोषलं गेलं असतं तर सकाळपर्यंत खाली उरलंच नसतं. पहिला गुण आला सकाळी सहाला. तिथवर जायला दहा तास लागले. बाकीचं आपण बघताच आहात." मॅडमनी बोटं मोजली, पाराच्या दिशेनं पाहिलं आणि काहीतरी लिहिलं.

मग त्या म्हणाल्या, की ते झालं विज्ञानाचं. मी आले होते दुसऱ्या शोषणाच्या चौकशीला, आणि त्याचंही उत्तर मला कार्यालयाला द्यावं लागेल. त्यांनी मुक्ताबाईला बोलावलं आणि सरळ विचारलं, या संस्थेत तुमचं शोषण होतं का?

मुक्ताबाईनं पदर सारखा केला. "त्यो शबुद आमाला आता तुमच्या तोंडून कळला, बाईसाहेब. पर त्येचा अर्थ म्या चौदा साल ट्रकात बसून जाऊन आले. पाटं तीनला उठायचं, थंडीत मोळी डोक्यावर घ्यायची, आजारी पडलं तर त्यो दिवस बुडाला. हितं आमी अकरा घरं पाला तोडतो, उनं झाली की सावलीत बसतो, लेकरं शाळंत जातेत. कुणी न्हाई वरडत. गुरुजी वरडतेत, पर ते शुद्धलेखनावर." तिनं ट्रककडे बोट दाखवलं. "हितं न्हाई होत तसलं काई. हितून जाऊ देऊ नका, येवढंच."

 गुरुजी चष्मा पुसू लागले, आणि बराच वेळ पुसत राहिले.

मॅडमनी अर्ज गुरुजींपुढं सरकवला. अर्ज अजून मंजूर झालेला नव्हता, आणि मंजुरीच्या आधी चूक दुरुस्त करता येते, असं त्यांनी सांगितलं. सरकारी कामकाजात 'काही नाही' याला एक चांगला शब्द आहे, तो लिहा. 'निरंक'. दोन्ही चौकशांना तोच लागू पडतो. आधीचं खोडा, खोडल्याजागी सही करा, तारीख घाला, मी समोर साक्षांकित करते, आणि शिफारशींच्या कक्षाचा जादा कार्यभारही माझ्याकडेच आहे, तेव्हा शिफारसपत्र इथंच देते.

गुरुजींनी पेन हातात घेतलं. त्यांचा हात थांबला. ते सहा नापास आजोबा मान लांब करून बघत होते. गुरुजींनी 'शंभर टक्के' वर आडवी रेघ मारली. एकदा मारली ती बारीक झाली म्हणून दुसऱ्यांदा मारली. शेऱ्याची ओळही खोडली. वर लिहिलं, 'शोषण : निरंक', आणि बाजूला सही केली. आसाराम आबा मागून हळूच म्हणाले, "अर्धा गेला, गुरुजी." गुरुजी म्हणाले, "गेला, आबा. जाऊ दे."

मॅडमनी शिक्का मारला. वहीत राहून गेलेलं 'अध्यक्ष पळून जातात' खोडून तिथं त्यांनी 'अध्यक्षांनी प्रात्यक्षिक करून दाखवले' असं लिहिलं, आणि त्या खोडलेल्या जागीही सही केली. गाडीत बसताना त्यांनी गुरुजींना जवळ बोलावून, इकडंतिकडं बघत, एक पुडी मागून घेतली. एक चमचा, एकदाच, गुरुजींनी बजावलं, आणि दहा तास वाट बघायची.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. धुळाजीनं इंजिन सुरू केलं. मुक्ताबाई शिफारसपत्र दोन्ही हातांत धरून ट्रकापाशी गेली आणि शहादेवला म्हणाली, उतरव. गाठोडी एकामागून एक खाली येऊ लागली. धुळाजी केबिनमधून वाकून बघत होता. तो हसत नव्हता आता. "मुक्ते," तो म्हणाला, "कागदावर भरवसा ठिवून ऱ्हायलीस. वाचता तरी येतंय का त्यातलं काई?"

"न्हाई येत," मुक्ताबाई म्हणाली. "पर गुरुजीनं खोडून लिव्हलंय. त्येनी जल्मात कदी खोडलं न्हाई. म्हंजी खरंच आसंल."

आणि तिनं गाठोड्यातून चूल काढून पाराच्या सावलीत मांडली.